कापसाची लाइन

वर्धा जिल्ह्यात मुंबई–नागपूर मुख्य मार्गाला पन्नास वर्षांच्या आत दोन फाटे फुटले. पहिला वर्ध्याहून दक्षिणेला, हिंगणघाटवरून वरोऱ्याकडे गेला. तो कोळशासाठी होता. दुसरा पुलगावहून उत्तरेला आर्वीकडे गेला, तो कापसासाठी. वरोऱ्याची कोळशाची खाण १९०६ मध्ये बंद पडली, तरी तिच्यासाठी टाकलेल्या मार्गावरून आज दिल्ली–चेन्नईच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. आर्वीच्या शिवारात मात्र कापूस अजून उभा आहे, दिवाळीच्या आगेमागे वेचणीला बाया अजून पहाटे घराबाहेर पडतात, आणि आर्वीला गाडी नाही.

ज्याच्यासाठी मार्ग बांधला ते संपले तरी मार्ग जगला, आणि ज्याच्यासाठी बांधला ते शाबूत असताना मार्ग मेला. असे का झाले, हा प्रश्न बरीच वर्षे माझ्या मनात होता. पुढच्या पानांत ज्या ३५ किलोमीटरांची हकीकत आहे, ती या प्रश्नापायीच गोळा झाली.

प्रस्तावना लिहिताना मी आधी वाचकाला पुलगावच्या फलाटावर नेऊन उभे करतो. या गावाचे नावच रेल्वेशी बांधलेले आहे. शेजारी वर्धा नदी आणि तिच्यावर रेल्वेचा पूल. ही नदी पूर्वी दोन राज्यकारभारांची हद्द होती. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे मध्य प्रांत. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे (जीआयपी) मुंबईहून भुसावळ, बडनेरा करत ही नदी ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर आखून वसवले गेले. जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला होता १८६२ मध्ये. म्हणजे जिल्हा, त्याचे मुख्य शहर आणि त्याची रेल्वे ही तिन्ही एकाच दशकातली भावंडे आहेत. वर्ध्याच्या इतिहासातून रेल्वे बाजूला काढून ठेवता येत नाही. सेवाग्रामचे नावसुद्धा या ओळीतले. गांधीजी १९३६ मध्ये ज्या खेड्यात राहायला गेले ते सेगाव. त्यांचे टपाल याच मार्गावरच्या शेगावला जाऊन पडायचे. शेवटी १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. पुढे वर्धा पूर्व या स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

रेल्वे इतक्या घाईने इथे आली ती कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. कापसासाठी सरकारने खास कमिशनर नेमला. हिंगणघाटचा कापूस त्या नावानेच मुंबईच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. जिथे रेल्वे पोचली तिथे जिनिंग आले, प्रेसिंग आले, अडत्ये आले, हमालांची वस्ती आली. जिथे पोचली नाही तिथला कापूस बंडीने स्टेशनापर्यंत यायचा. आर्वी तालुक्याचा माल असाच बंड्यांवर लादून पुलगावला येई. वेचणीच्या हंगामात ३५ किलोमीटरची ती वाट बैलांना आणि माणसांना काय असेल, ज्याने काळ्या मातीत रुतलेले चाक खांद्याने उचलले आहे त्याला सांगायला नको.

मुख्य मार्ग झाला, पण बाजूच्या तालुक्यांसाठी सरकार आपल्या तिजोरीतून पैसा काढायला तयार नव्हते. म्हणून सरकारने खाजगी कंपन्यांना फाटे बांधायला पुढे केले. व्यवस्था अशी असायची की कंपनीने भांडवल उभे करायचे, मार्ग बांधायचा, आणि गाडी मुख्य रेल्वेने चालवायची. उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला. मुंबईतल्या किलिक निक्सन या १८५७ पासूनच्या व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. तिने मूर्तिजापूर–अचलपूर, मूर्तिजापूर–यवतमाळ आणि पुलगाव–आर्वी असे तीन नॅरोगेज मार्ग बांधले. पहिले दोन मिळून सुमारे १९० किलोमीटर, तिसरा ३५. तिन्ही पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू झाले. दोन रुळांतले अंतर अडीच फूट. मुख्य मार्गावर ते साडेपाच फूट.

साडेपाच आणि अडीच. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ या दोन आकड्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अडीच फुटी मार्ग स्वस्तात होतो. डबे हलके, म्हणून रूळ हलके, पूल लहान, भराव अरुंद. वळण घट्ट घेता येते, त्यामुळे जमीन कमी लागते. ज्या कंपनीला हंगामी मालावर नफा काढायचा आहे तिला हा हिशेब पटणारच. पण मुख्य मार्गाचा डबा या रुळांवर येऊ शकत नाही, आणि इथला तिथे जाऊ शकत नाही. आर्वीच्या प्रेसमध्ये बांधलेली सुमारे ४०० पौंडांची गठाण आधी बंडीवर चढायची, आर्वीच्या मालधक्क्यावर उतरायची, छोट्या वाघिणीत चढायची, पुलगावला उतरायची आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा चढायची. मुंबईच्या वाटेवर तिला किती वेळा हमालाचा हात लागला ते मोजा. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी उशीर, आणि अवकाळी पाऊस आला तर भिजण्याची धास्ती. बंडीशी स्पर्धा होती तोवर हे सगळे सोसण्यासारखे होते. ट्रक आला आणि जिनिंगच्या दारात उभा राहून सरळ भिवंडी-मुंबईला निघू लागला, तेव्हा छोट्या गाडीजवळ त्याला द्यायला उत्तर नव्हते.

मी हे पुस्तकी भाषेत लिहितो आहे, पण हा फरक मी लहानपणी पायांनी मोजलेला आहे. आमच्या आत्याचे घर रोहण्याला. दिवाळीच्या सुटीत वडील आम्हाला मोठ्या गाडीने पुलगावला आणत, आणि मग मोठा फलाट सोडून आम्ही छोट्या गाडीकडे चालत जात असू. त्या चालण्यात सगळे जग बदलायचे. मोठी गाडी सुटते कधी, थांबते किती, याची सगळ्यांना घाई. छोट्या गाडीला घाई नव्हती. डब्यात लाकडी फळ्यांची बाके, खिडकीला आडवे गज. समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि रोहणा येईपर्यंत समोरच्या बाईने आमच्या आईला आपल्या तिन्ही लेकींची लग्ने सांगून झालेली असायची. सोरटा, विरूळ, रोहणा. या गावांची नावे मला नकाशावरून नाही, गाडीच्या थांबण्यावरून पाठ झाली. कार्तिकात कौंडण्यपूरच्या वाटेवरची भाविक मंडळी असत. रुक्मिणीचे माहेर नदीच्या पलीकडच्या काठावर. त्यांच्या पडशा, टाळ आणि भाकरीची गाठोडी यांनी डबा भरून जाई.

तेव्हाचे एक तिकीट माझ्याजवळ आहे. जाड पुठ्ठ्याचा तुकडा, दोन बोटांत मावेल एवढा, कडा झिजून मऊ झालेल्या. तारीख शाईने छापलेली नाही, यंत्राने दाबून उठवलेली आहे. उजेडात तिरपे धरले तर अंगठ्याला आधी लागते आणि डोळ्याला मग दिसते. पाठीमागे वडिलांनी पेन्सिलीने हमालाचे पैसे लिहून ठेवले आहेत. या पुस्तकासाठी मी अर्ज केले, कागद चाळले, जुने गॅझेटियर वाचले. पण काम अडले की हेच तिकीट हातात घेऊन बसायचो.

लोक या गाडीला शकुंतला म्हणत. हे नाव खरे तर यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर गाडीचे. पण तिन्ही मार्ग एकाच कंपनीचे, म्हणून आर्वीच्या गाडीलाही तेच चिकटले. कंपनीच्या कागदात ते नव्हते, लोकांच्या तोंडात होते. एखाद्या गाडीला बाईचे नाव देऊन लोक तिची वाट पाहतात, तेव्हा ती त्यांच्या घरातली झालेली असते. यवतमाळच्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल इंजिन आले. तिथे अखेरच्या काळात चार-दोन कर्मचारी सगळी गाडी चालवत. गार्डच तिकिटे देई. फाटक आले की गाडीतला माणूस खाली उतरून फाटक लावी, गाडी पुढे काढून घेई, आणि फाटक उघडून धावत येऊन पुन्हा चढे. बाहेरून येणाऱ्या पत्रकारांना ती गंमत वाटली. मला त्यात उपाशी घरातली सासुरवाशीण दिसते, जी एकटी पाणी भरते, चूल पेटवते आणि पाहुणा आला की तोंड हसरे ठेवते.

आता मालकीची गोष्ट. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या रेल्वे एकत्र करून ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे तयार झाली. जीआयपी तिच्यात आली. जीआयपी ज्यांच्या रुळांवर गाडी चालवत होती, ते किलिक निक्सनच्या कंपनीचे तीन मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी मध्य रेल्वेची, माणसे मध्य रेल्वेची, रूळ कंपनीचे. करार ठरावीक वर्षांनी पुढे ढकलला जाई. बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक स्वच्छ दिसतो. तीही खाजगी कंपनीची, तीही अडीच फुटी, १८९७ मध्ये सुरू झालेली. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेतली. मग तिच्यावर खर्च करायचा की नाही हा प्रश्न एकाच घरातला झाला. विदर्भाच्या या तीन मार्गांचे तसे झाले नाही. भाड्याच्या घराला कोणी नवा पत्रा घालत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. मालक म्हणतो, राहतो तो, मी कशाला घालू? पाऊस मात्र दोघांची वाट पाहत नाही.

आणि इथला पाऊस, इथली माती यांचे रुळाशी वैर आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढी भेगाळते. तिच्यावरचा भराव दर वर्षी थोडा हलतो, रूळ एका बाजूला बसतो, गिट्टी मातीत गडप होते. वर्ध्याच्या उन्हात लोखंड वाढते; म्हणून रुळांच्या सांध्यात फट ठेवावी लागते, आणि सांध्याच्या पट्ट्या उन्हाळ्याआधी सैल करून, पुसून, वंगण देऊन पुन्हा कसाव्या लागतात. ते झाले नाही तर भर दुपारी रूळ सापासारखा वाकडा होतो. हे सगळे गँगमन हातांनी करत. सब्बल, गैती, फावडे आणि गिट्टी ठासायची लोखंडी हत्यारे, एवढ्यावर ३५ किलोमीटरचा मार्ग सरळ राहत होता.

या मार्गावर आयुष्य काढलेले एक गँगमन मला विरूळजवळ भेटले. वय झालेले, हाताची बोटे आता पूर्ण मिटत नाहीत. मी त्यांना विचारले, लाइन कशाने बंद पडली? मला वाटले ते तोट्याचे, ट्रकचे, एसटीचे सांगतील. ते म्हणाले, "माती फुगते, माती चिरते. आमी वर्षभर तिच्यामांगं. पयले गँगमधी माणसं लय होती. मंग कमी झाली. गाडीले सांगतलं, हळू जाय. मंग अजून कमी झाली, अजून हळू जाय. शेवटी बैलबंडी पुढं जाये जी."

एवढ्या थोडक्या शब्दांत घटत्या काळाची सगळी यंत्रणा आहे. देखभालीवरचा खर्च कमी केला की वेग कमी करावा लागतो. वेग कमी झाला की प्रवासी आणि माल जातो. ते गेले की उत्पन्न घटते आणि देखभालीवरचा खर्च आणखी कमी होतो. दर फेऱ्याला कागदावर सिद्ध होत जाते की या मार्गाला गिऱ्हाईक नाही. माझ्या लहानपणी पुलगावहून आर्वीला पोचायला दोन तासांच्या वर लागत. एसटी निम्म्या वेळात नेऊन सोडायची. आमच्या आत्याचे यजमान, जे छोट्या गाडीशिवाय दुसऱ्या वाहनाला हात लावत नसत, तेही शेवटी एसटीच्या थांब्यावर उभे राहू लागले. त्यांनी गाडी सोडली की गाडीने त्यांना सोडले, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

जगात इतरत्रही हा काळ आला. ब्रिटनमध्ये १९६३ साली बीचिंग यांचा अहवाल आला. त्यात २,३०० च्या वर स्टेशने बंद करावीत अशी नावानिशी यादी होती. लोक भडकले, मोर्चे निघाले, काही मार्ग वाचले, पुष्कळ गेले. त्या अहवालाचे मी समर्थन करत नाही. त्याने कितीतरी गावे उघडी पाडली. पण यादी होती. आपल्या गावाचे नाव तिच्यात आहे की नाही हे माणसाला वाचता येत होते, आणि ते छापणाऱ्याला जाब विचारता येत होता. आपल्याकडेही न परवडणाऱ्या शाखामार्गांवर समित्या बसल्या, १९६९ मध्ये खास त्यासाठीच एक बसली. पण मार्ग कायमचा बंद करायला राज्य सरकारचा होकार लागतो, आणि आपल्या मतदारांची गाडी बंद करा असे लिहून द्यायला कोणते राज्य धजावेल? त्यामुळे मार्ग बंद करण्याचा निर्णय होत नाही. फेऱ्या कमी होतात. पावसाळ्यापुरती गाडी थांबते. दुरुस्तीसाठी थांबते. मग एके वर्षी वेळापत्रकातली ओळ दिसत नाही.

मला या पद्धतीचा राग आहे आणि तो लपवायचा नाही. निर्णय झाला असता तर त्याच्याविरुद्ध उभे राहता आले असते. दुसऱ्या महायुद्धात कांगडा खोऱ्यातल्या मार्गाचा एक तुकडा लोखंडासाठी उखडला गेला होता. तो १९४२ मध्ये उखडला आणि १९५४ मध्ये पुन्हा टाकला, कारण उखडल्याची नोंद होती, तारीख होती, आणि परत देण्याची जबाबदारी कोणावर तरी होती. 'तात्पुरत्या' बंद मार्गाला अशी तारीख नसते, म्हणून त्याचा तेरावाही होत नाही आणि पुनर्जन्मही. आर्वीच्या दोन पिढ्या या तात्पुरत्यात म्हाताऱ्या झाल्या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. वरोऱ्याचा फाटा का जगला?

तो बांधतानाच साडेपाच फुटी होता. खाण बंद पडेपर्यंत पुढे बल्लारपूरच्या बाजूला कोळसा लागला होता, आणि रूळ चंद्रपूर ओलांडून बल्लारशाहपर्यंत सरकले. मग दक्षिणेकडून काझीपेठचा मार्ग येऊन मिळाला, आणि १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस या वाटेने धावू लागली. कोळशाचा आडमार्ग उत्तर-दक्षिण भारताचा राजमार्ग झाला. आर्वीचा फाटा आर्वीला संपला. पुढे आष्टी, वरूड, मोर्शी ही सगळी संत्र्या-कापसाची गावे. पण रूळ आर्वीच्या पुढे एक पाऊल गेला नाही. ज्या मार्गाला पलीकडे टोक असते, त्याच्यावरून दुसऱ्यांचा मालही जातो, आणि दुसऱ्यांच्या मालावर तो वाईट दिवस काढतो. ज्याला पलीकडे टोक नाही, त्याचे नशीब एका तालुक्याच्या एका पिकाला बांधलेले. तो हंगामात कमावतो आणि बाकी आठ महिने बसून खातो.

बार्शी लाइटचेही तेच आहे. मिरज ते लातूर असा तो आरपार मार्ग होता, म्हणून टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा–जामनेर या नॅरोगेजचे रुंदीकरण मंजूर झाले तेही तो पुढे बोदवडपर्यंत वाढवून, म्हणजे त्याला दुसरे तोंड देऊन. नागपूर–नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली ती ब्रॉडगेज करण्यासाठी. पुढे तिला चांदा–गोंदियाचा मार्ग आहे. १९९२ मध्ये सगळे मार्ग एकाच मापाचे करण्याचे धोरण आले, तेव्हापासूनच्या तीस वर्षांत कोण वाचले याची मी जेवढी उदाहरणे तपासली, तेवढ्यांत बहुतेक वेळा आरपार जाणारा आधी वाचला आहे. पर्यटकांमुळे वाचलेल्या माथेरानच्या गाडीचे गणित निराळे.

म्हणूनच आर्वीकरांची मागणी मला भाबडी वाटत नाही. ते नुसती जुनी गाडी परत द्या असे म्हणत नाहीत. पुलगाव–आर्वी रुंद करा आणि वरूडपर्यंत न्या, असे म्हणतात. नरखेड–अमरावती हा नवा मार्ग वरूड, मोर्शीवरून गेलेलाच आहे. तिथे आर्वीची लाइन जाऊन मिळाली तर तिला पहिल्यांदाच पलीकडचे टोक मिळेल. संत्री उत्तरेकडे जातील, कापूस आणि सरकी दोन्ही बाजूंना. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या पेढीने जे केले नाही, ते या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी हिशेब मांडून सांगितले आहे. दरम्यान वर्ध्याहून देवळी, कळंबकडे जाणारा नवा मार्ग झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, आणि तो पुढे यवतमाळवरून नांदेडला जायचा आहे. म्हणजे यवतमाळला छोट्या गाडीच्या बदल्यात मोठी मिळण्याची आशा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एका दिशेला नवे रूळ पडत असताना दुसऱ्या दिशेला जुन्यांवर बाभळी वाढतात, हे आर्वीच्या माणसाला रोज दिसते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे सांगून हे आवरतो. मी ते पुलगावला सुरू करून आर्वीला संपवले आहे, स्टेशनामागून स्टेशन. काळाच्या क्रमाने लिहिले असते तर शेवट बंद पडण्यावर झाला असता, आणि मला त्यावर संपवायचे नव्हते. मधल्या प्रकरणांत हमाल आहेत, जिनिंगचे जुने मुनीम आहेत, दूध घेऊन पुलगावला जाणाऱ्या बाया आहेत. गाडी गेल्यावर त्यांच्यापैकी कोणाचा धंदा बसला, कोणी एसटीने नेटाने चालवला, हे त्यांच्याच तोंडून आहे. इंजिनांची माहिती हवी असणाऱ्यांनी नागपूरच्या मोतीबागेतले, २००२ मध्ये उघडलेले नॅरोगेज संग्रहालय जरूर पाहावे. तिथले डबे रंगवून नीट ठेवले आहेत. मला त्या रंगाच्या वासाने आत जाववत नाही, पण तो माझा प्रश्न आहे, पोरांना न्या.

नकाशा मात्र कुठल्या कार्यालयातून आलेला नाही. मोजणीचे जुने कागद मला जे मिळाले त्यांत लहान मोऱ्या दाखवलेल्या नव्हत्या, आणि भरावावरून चालत गेलो तर रायमुनिया आणि गाजर गवतातून निम्म्या मोऱ्या दिसतच नव्हत्या. शेवटी त्याच गँगमन काकांकडे पुन्हा गेलो. ते ओसरीवर बसले होते, समोर सुपात तुरी निवडायला ठेवलेल्या. मी वही काढली. ते म्हणाले, लिहू नको, पाह्य. शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्यांनी बोटाने एक रेघ ओढली, स्टेशनांसाठी खडे ठेवले आणि तुरीचे दाणे मांडायला लागले, एका मोरीला एक दाणा. हिच्यात पाणी राहते. हिच्यावरचा दगड आम्ही बदलला. इथे एकदा म्हैस अडकली होती. मध्ये त्यांची नात चहा घेऊन आली तेव्हा रेघ ओलांडू नको म्हणून तिला लांबून जायला लावले. आर्वीच्या खड्याशी पोचल्यावर मी मदत म्हणून सांडलेला एक दाणा उचलून रेघेवर ठेवला. त्यांनी तो पाहिला, उचलला, आणि बोटभर मागे, रोहण्याच्या बाजूला नेऊन ठेवला.